निळे बटण, डावे चाक

माझ्या समोरच्या काचेखाली एक उथळ खाच आहे. तिच्यात शर्टाचे एक निळे बटण पडलेले असते. चार भोकांचे, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे मोठे. रस्ता सपाट असला की ते जागचे हलत नाही. गतिरोधक आला की खाचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. पण मागचे दीड वर्ष ते आणखी एक गोष्ट करत होते. माझे पुढचे डावे चाक एकटेच खड्ड्यात उतरले, की खालून ‘खट्’ असा आवाज येई आणि बटण तांदळाच्या दाण्याएवढे वर उडे. ते उडताना पाहणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला कोणी विचारत नव्हते.

मित्रांनो, मी पांढऱ्या रंगाची, पाच दारांची मोटार आहे. वय चौदा. माणसांत या वयाला लहान म्हणतात, आमच्यात आजी म्हणतात. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाताना कोणी मला दारे बसवली, कोणी चाके. शेवटी एकाने हॉर्न वाजवून पाहिला, तो माझा पहिला शब्द. पहिली नऊ वर्षे मी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे होते. चाकांतली हवा तपासल्याशिवाय त्या मला गावाबाहेर नेत नसत. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या सीतारामकडे आले.

सीताराम लोणावळ्याला रेल्वेत की-मॅन होता. हे काम तुम्ही कदाचित पाहिले नसेल. खांद्यावर हातोडा घेऊन रोज लोहमार्गाच्या कडेने चालायचे, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींवर ठोका मारायचा आणि कान द्यायचा. घट्ट पाचर ‘टण्’ वाजते, सैल पाचर ‘थप्’. एकतीस वर्षे तो घाटात असा चालला, आणि बाकीचे जग शेजारून गाडीत बसून गेले. निवृत्तीनंतर महिन्याभरात त्याने मला आणले. पहिल्या दिवशी तो स्टिअरिंगमागे बसला आणि मला सुरू न करता पाव तास नुसता बसून राहिला. त्या सीटवर दुसऱ्या कोणी बसायचे नाही, हे तेव्हाच न बोलता ठरून गेले.

त्याची बायको सरूबाई टाकवे बुद्रुकला बायकांना शिवणकाम शिकवते. आठवड्यातून दोन दिवस मी तिची दोन शिलाई यंत्रे मागच्या सीटवर घेऊन जाते. एसटीत ती चढत नाहीत आणि जीपवाले घेत नाहीत. ते निळे बटण तिचेच, असेच कधी तरी पिशवीतून सांडलेले. तीन वर्षांपूर्वी ती लोणावळ्यात गाडी चालवायला शिकली. लायसन तिच्या पर्समध्ये मोजायच्या टेपशेजारी असते. पण मला तिचा हात फक्त पुसण्यापुरता ठाऊक होता.

“आज मी चालवू का?” कान्हे फाट्यावर वळलो की ती विचारी.

सीतारामकडे आधी पावसाळ्याचे कारण होते, मग हायवेचे. माझा आवाज सुरू झाला आणि त्याला पक्के कारण मिळाले.

“आवाज करनारी गाडी शिकाऊ माणसाच्या हातात न्हाई द्यायची.”

“तीन वर्सं शिकाऊच हाय व्हय मी?”

“आवाज गेला की देतो. शब्द हाय माझा.”

मला फार वाईट वाटे. माझ्या एका ‘खट्’मागे तो तीन वर्षांची टाळाटाळ लपवत होता, आणि मला ते सांगता येत नव्हते.

त्याने उपाय केले नाहीत असे नाही. दर रविवारी तो माझ्याखाली शिरून दिसेल तो बोल्ट आवळी. लोहमार्गावर सैल झालेले आवळले की काम संपते, ही त्याची एकतीस वर्षांची सवय. मग लोणावळ्यातल्या गोरखच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याने खड्ड्यांचे धक्के झेलणारे पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले.

“भाऊ, जुने चांगले होते,” गोरख तेव्हा म्हणाला होता. “एकदा मला तपासू तर द्या.”

“लोखंडाचा आवाज मला शिकवतो का? शॉकअपच हाय त्यो.”

गोरखने बदलून दिले. परतताना पहिल्याच खड्ड्यात मी ‘खट्’ केले. सीतारामने रेडिओ मोठा केला.

अशात मागच्या शुक्रवारी टाकव्याहून अनघाताईंचा फोन आला. शिवणवर्ग त्याच भरवतात. नव्या महिन्यापासून हॉल आठवड्याचे चार दिवस मोकळा मिळणार होता आणि आणखी बारा बायका नाव द्यायला तयार होत्या. सरूबाईने सोमवारपर्यंत हो म्हणायचे, नाही तर तळेगावच्या एक बाई यायला तयार आहेत.

“माझ्या गुडघ्याला चार दिस झेपायचं न्हाई,” सीताराम म्हणाला.

“मग न्हाई म्हनून कळवू?”

तो गुडघा चोळत आत गेला. शनिवारीही त्याने विषय टाळला.

रविवारी सकाळी तो पाना घेऊन माझ्याखाली शिरला. सरूबाई ओट्यावर बसून काज करत होती. सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, “गतिरोधकावर वाजत न्हाई.”

“काय?”

“दोनी चाकं संगट चढली की वाजत न्हाई. डावं एकटं उतरलं की वाजतं. कार्ल्याच्या पुढं त्यो खड्डा हाय ना, तितं दर खेपंला बटन उडतं. दीड वर्स बघतीया.”

सीताराम डोके बाहेर काढून म्हणाला, “मग सांगायचं न्हाई का?”

“दोनदा सांगितलं. तुमी रेडिओ मोठा केला.”

तो खालून बाहेर आला, पँट झटकली आणि हातातला पाना खाली ठेवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला, “गाडीत बसून कधी पाचर तपासलीया का मी? बाहेरनं ऐकाय पायजे. संगट चालत.”

“चाला की मग.”

“आन् गाडी कोन चालवनार? शेजारचा सोपान कुटं गेलाय?”

“सोपान लग्नाला गेलाय नाशकाला. परवा येतोय. बसा वाट बघत.”

सोमवार उद्यावर आला होता. सीतारामने गल्लीच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतले. कोणीच नव्हते. त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्याकडे न बघता पुढे धरली. “पयल्या गेरमधीच ठेव. पळवू नको.”

“तुमच्या गुडघ्याच्या चालीनं चालवते,” सरूबाई म्हणाली.

ती बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पट्टा लावला. क्लच इतका हळू सोडला की मी हललेली मला उशिराच कळली. गल्लीतल्या गतिरोधकावरून आम्ही गेलो, तेव्हा सीताराम सवयीने आपला जुना हातोडा खांद्यावर टाकून, कान माझ्या चाकाकडे लावून शेजारून चालत होता. आवाज आला नाही. पुढे त्याने उजव्या चाकाची वाट तशीच सोडून डाव्याच्या वाटेत एक फळी ठेवली. चाक तिच्यावर चढले आणि उतरले.

‘खट्.’

“पुन्यांदा.”

मागे, पुढे, मागे, पुढे. सात वेळा. सातही वेळा तिने चाक बरोबर फळीवर आणले.

मग त्याने तिला इंजिन बंद करून हँडब्रेक ओढायला सांगितला, चाकांना दगड लावले आणि चाकाच्या आत हात घातला. मोठ्या भागांवर हातोड्याने हलकेच ठोका दिला: टण्, टण्. मग वीतभर लांबीच्या एका बारीक दांडीवर: थप्. ती चिमटीत धरून हलवली, तर तिचे खालचे टोक आपल्या वाटीत टकटक करत हलले.

मित्रांनो, माझ्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक आडवी दांडी आहे. वळणावर मी एका कुशीवर फार कलू नये म्हणून ती असते. तिचे प्रत्येक टोक एका छोट्या लिंक रॉडने, म्हणजे सीतारामने हलवली तशा बारीक दांडीने, चाकाकडे बांधलेले असते. दोन्ही चाके एकदम उचलली की आडवी दांडी नुसती फिरते, कोणाला त्रास नाही. एकच चाक खाली गेले की ती पिळली जाते आणि लिंक ओढली जाते. लिंकच्या टोकाशी एक गोळा असतो. तो झिजला असेल तर वाटीत आपटतो. झिजलेला गोळा बोल्ट आवळून भरून येत नाही. एवढीच माझी व्यथा होती. शॉकअप बिचारे फुकट गेले.

गोरखचे गॅरेज रविवारी अर्धा दिवस उघडे असते. सीताराम मला तिकडे घेऊन गेला, सरूबाई शेजारी. त्याने जुनी लिंक काढून हातात हलवली आणि हसला.

“बरोबर हेच. भाऊ, अखेर कानानं शोधून काढलंत म्हणायचं.”

सीतारामने हातोड्याच्या दांड्यावरची धूळ पुसली. “कान माझा. पन डोळं हिचं.”

“म्हणजे मावशींनी सांगितलं? मग शॉकअपच्या आधीच त्यांना का नाही आणलंत?”

“आनली व्हती,” सरूबाई म्हणाली. “शेजारच्या सीटवर.”

गोरखने दोन्ही बाजूंच्या लिंक नव्या बसवल्या. एक झिजली की दुसरीचेही दिवस भरत आलेले असतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, म्हणून आम्ही वाजतो. तेव्हा रेडिओ मोठा करू नका. कुठे वाजते, केव्हा वाजते, आणि केव्हा वाजत नाही, हेही नीट पाहा. घाईने भाग बदलू नका. आणि शेजारी बसलेल्या माणसाला एकदा तरी विचारा; त्याला बहुधा तुमच्याहून जास्त दिसलेले असते.

गॅरेजबाहेर डाव्या कडेला गटाराच्या झाकणाचा चांगला चार बोटे खोल खळगा आहे. “त्याच्यावरून नेऊन बघा,” गोरख म्हणाला. सीताराम सवयीने चालकाच्या दाराशी गेला. त्याचा हात मुठीवर तसाच थांबला. मग तो मला पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आला, दार उघडून शेजारच्या सीटवर बसला आणि गुडघा नीट सावरून घेतला. सरूबाई काही न विचारता चालकाच्या सीटवर बसली आणि तिने स्टिअरिंग धरले.

डावे चाक खळग्यात उतरले आणि वर आले. मी गप्प होते. सीताराम खाचेतल्या बटणाकडे पाहत होता. ते एका टोकाला सरकले आणि तिथेच राहिले.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. सरूबाईने मला कडेला घेऊन थांबवले. पडद्यावर अनघाताईंचे नाव होते. तिने पडदा सीतारामकडे वळवला.

“उचल की,” सीताराम म्हणाला. “चारी दिस येते म्हनून सांग त्यान्ला. आन् इचारलं कोन आनून सोडनार, तर सांग, गाडी माझी मीच चालवते.”