बाबासाहेबांचं टोकन

डिलाईल रोडच्या चाळीतल्या मायाताईंच्या महिला मंडळाला जागतिक बौद्ध परिषदेचं आमंत्रण आलं, ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावामुळे. गौतम त्या परिषदेची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत होता.

"ताई, चीनसुद्धा बुद्धाच्या नावानं देश गोळा करतोय. आपल्याला जगात मोठं व्हायचंय, तर बुद्ध आपला आहे हे दाखवायला नको? बुद्धवंदना तुमचं मंडळच घेणार."

मायाताईंचा ऊर भरून आला. ज्यांच्या आज्याला देवळाच्या पायरीला शिवू दिलं नाही, त्यांना आता देश मंचावर बोलावतोय, अजून काय पाहिजे माणसाला? बारा जणींनी महिनाभर विहारात सराव केला.

लोअर परळच्या त्या चकचकीत हॉटेलात बायका पांढऱ्या साड्या नेसून पोचल्या. मंचावर माणसाएवढी बुद्धमूर्ती होती. छातीशी धरून आणलेला बाबासाहेबांचा फोटो मायाताई तिच्या शेजारी ठेवायला निघाल्या, तर गौतमच आडवा आला.

"फोटो राहू दे ताई. वरून ऑर्डर आहे. पाहुण्यांना फक्त बुद्ध दाखवायचाय, आपलं जातीपातीचं नको."

आणि त्यानं फोटो सरळ सामानाच्या काउंटरवर नेऊन दिला. ताईंच्या हातात टोकन ठेवलं, छत्र्या-पिशव्यांना देतात तसलं. हद्द झाली.

"अरे मेल्या, बाबासाहेब नसते तर तुला बुद्ध ठाऊक तरी झाला असता का?"

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. ॲडजस्ट कर ना."

"मग आम्ही नाही घेत वंदना."

गौतम ना रागावला, ना त्यानं विनवण्या केल्या. तेव्हाच ताईंनी ओळखायला हवं होतं.

बाराही जणी बाहेर आल्या. टोकन देऊन ताई फोटो परत घेत होत्या, तेवढ्यात हॉलमध्ये वंदना सुरू झाली. आवाज त्यांचाच, सगळ्यांत वर मायाताईंचा. सरावाला गौतम मोबाइल धरून बसायचा, तो यासाठी तर. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला, तोही महिनाभर, बहिणीच्या हातचा चहा पीत पीत. ताईंना रडूसुद्धा येईना, इतका संताप झाला होता.

कुणाचा पाय उचलेना. त्रिसरण झालं, पंचशील झालं. आता बाबासाहेबांची भीमस्तुती. बायकांचे हात आपोआप जोडले गेले. पण रेकॉर्डिंग नेमकं तिथंच कापलेलं होतं, आणि आत टाळ्यांचा कडकडाट झाला.