कापायला काढलेला सांगाडा

दचकू नका. टाकीच्या खालून बोलतोय मी. एका जुन्या विलायती मोटारसायकलचा सांगाडा. लोकांची नजर टाकीच्या रंगावर आणि इंजिनच्या चकाकीवर जाते. माझ्याकडे बघतो तो फक्त चिखल. असो, सवय झाली आहे.

माझा जन्म एका थंड शेडमध्ये झाला. पोलादी नळ्या वाकवून, जोडून मला उभं केलं. मानेपासून दोन नळ्या खाली उतरतात, इंजिनच्या पोटाखालून जातात आणि मागे वर चढतात. त्या पाळण्यात इंजिन बसतं. आमचं इंजिन म्हणजे अंगात आलेलं ध्यान! त्याचे दोन्ही दट्टे, म्हणजे पिस्टन, एकदम वर जातात, एकदम खाली येतात. आधीच्या गाड्यांत असं इंजिन थेट सांगाड्याला आवळलेलं असे, आणि स्वाराच्या दातांपर्यंत थरथर पोचे. म्हणून माझ्या कारागिरांनी इंजिन आणि माझ्यामध्ये जाड रबर घातलं. बाजूला कागदाएवढी फट ठेवली आणि ती राखायला पातळ वायसर दिले. इंजिनने तिथल्या तिथे हवं तेवढं नाचावं, मला त्रास देऊ नये, असा करार होता.

माझा पहिला मालक फोटोग्राफर. दरवर्षी ती फट मोजायचा. पण गाव सोडताना त्याने दहा मिनिटांत मला विकलं आणि बोलला काय, तर आरशांबद्दल! फटीचं नावही काढलं नाही.

घेणारा होता सुतार. माणूस सोन्यासारखा. मला पुसायचा, नळ्यांवरून हात फिरवायचा. पण सुताराच्या लेखी ढिला सांधा म्हणजे पाप. एकदा त्याने इंजिन धरून हलवलं, ते केसभर हललं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? पाचर मारायला हवी," तो म्हणाला, आणि फटीत एक वायसर सरकवला. मग आणखी एक. फट बुजली. रबराला हलायला जागाच उरली नाही, आणि इंजिनचा सगळा धिंगाणा थेट माझ्या हाडांत शिरला.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. जितकी थरथर वाढे, तितका तो आवळे. नंबरप्लेट गळून पडली. ते परवडलं, पण त्याचे हात बधिर व्हायला लागले. गाडीवरून कामाला पोचला की तासभर पटाशी धरवत नसे. एका गिऱ्हाइकाच्या खिडकीचा सांधा चुकला, तेव्हा तो तिथेच फळीवर बसून राहिला. इंजिनची थरथर माझ्यातून त्याच्या हातांत जात होती आणि मला ती थोपवता येत नव्हती. मला फार वाईट वाटायचं.

गल्लीतल्या वेल्डरने निदान केलं, "चासीच वाकलीय. कापून टाका, इंजिन तरी विकलं जाईल." आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

शनिवारी सकाळी मला अंगणात उभं केलं. वेल्डरने गॅस पेटवला. तेवढ्यात सुताराची थोरली बहीण एक पाय मोडलेली खुर्ची दुरुस्तीला घेऊन आली. पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेली बाई.

"काय रे, हे काय चाललंय?"

"ताई, हिच्यापायी माझे हात जायला लागलेत. कापतोय."

"थांब जरा. चालू कर बघू. मूठ पिळ."

तिने एक हात इंजिनवर ठेवला, एक माझ्यावर. "दोघं सारखेच थरथरतायत. मग मधलं रबर काय झोपा काढतंय?" ती खाली वाकली. "हे एवढे वायसर कुणी कोंबले?"

"मीच. ढिलं लागत होतं."

"अरे शहाण्या, हे काय टेबल आहे? फिरणाऱ्याला, हलणाऱ्याला जागा ठेवावी लागते."

"ताई, गॅस फुकट जळतोय," वेल्डर म्हणाला.

"मग बंद कर की!"

ज्योत विझली. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा टाकीत पडला.

ताईने बोल्ट सोडले, जादा वायसर काढले, पर्समधून पात्यांचं गेज काढून फट मोजली. इंजिन चालू केलं तर ते जागच्या जागी थयथयाट करू लागलं.

"बघ, आता जास्तच हलतंय!" सुतार घाबरला.

"हलू दे. तू चांगला वेग घेऊन ये, मग बोल."

आम्ही निघालो. आधी माझ्याही नळ्या थोड्या थरथरल्या. मग वेग आला, आणि एकाएकी सगळं शांत. इंजिन आपल्या जागी नाचत होतं आणि मी, इतक्या दिवसांनी, स्वस्थ होतो. आरशात मागचा रस्ता स्पष्ट दिसत होता. सुतार मोठ्याने हसला, एकटाच. नदीच्या पुलापर्यंत जायचं ठरलं होतं, तो पूल ओलांडून पार पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला.

परतलो तेव्हा ताई दारात उभी होती. वेल्डर तिच्या खुर्चीवर, तीन पायांवर तोल सांभाळत.

"हात?" तिने विचारलं.

सुताराने मुठी मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. डोळे भरून आले त्याचे.

"आहेत," तो म्हणाला.

आता मी त्याच्या कामाच्या खोलीत, खिडकीजवळ उभा असतो. रंग उडालाय, मानेपाशी थोडा गंज आहे, पण हाडं शाबूत आहेत. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला पुसा, तेलपाणी करा. मात्र प्रेमाच्या भरात आवळू नका. आम्हाला एवढीशी फट पुरते, तेवढी राहू द्या.