खंडेनवमीचं ठिगळ

रुद्रप्पांच्या किराणा दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा केजातल्या निम्म्या व्यापाऱ्यांनी तो येऊन बघितला आणि उरलेल्या निम्म्यांनी बघितल्याचं सांगितलं. यंत्र आणलं होतं बिलं छापायला. पण मुलगा संगमेश्वर कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेजातला कॉम्प्युटर कुलपात असे आणि फळ्यावर शिकवला जाई; खरा काय तो घरी. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं लिनक्स चढवलं, आणि तेव्हापासून रुद्रप्पांना बिल काढायला मुलाची परवानगी लागू लागली.

प्रिंटरला एक खोड होती. प्रत्येक बिलामागं तो एक कोरा कागद बाहेर टाकी. रुद्रप्पा त्यात जिऱ्याच्या पुड्या बांधत. यंत्र वरकड देतंय म्हणजे चांगल्या घरचं आहे, असं त्यांचं मत होतं.

संगमेश्वरला मात्र ही प्रोग्राममधली चूक दिसली. लिनक्सचा प्रोग्राम कुणालाही उघडून बघता येतो, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवता येते. हा प्रोग्राम जर्मनीतला कुणी युर्गेन सांभाळी. संगमेश्वरनं तीन ओळींची दुरुस्ती, त्या लोकांच्या भाषेत 'पॅच' म्हणजे ठिगळ, तयार केली आणि ई-मेलनं तसं कळवलं. युर्गेननं कळवलं, "शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती बंद करतो. त्याआधी आलं तर घेतो, आणि नावांच्या यादीत तुझंही नाव घालतो."

संगमेश्वरनं ही गोष्ट फक्त एका मित्राला सांगितली. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सूचनाफलकावर 'आपल्या विद्यार्थ्याची जर्मनीत निवड' असं लावलं. आता यादीत नाव आलं नसतं, तर त्याला कॉलेज बदलावं लागलं असतं.

घरी इंटरनेट नव्हतं. दुरुस्ती फ्लॉपीवर घेऊन ठेवली होती; ती सुग्रीवच्या सायबर कॅफेतून पाठवायची, एवढंच काम. शुक्रवारी अंघोळ करून तो दुकानात आला आणि शुक्रवारी खंडेनवमी आहे हे त्याला कळलं.

तराजू, मापं, सुतळीचा दाभण, पोती ओढायचा आकडा, सगळं ओळीनं पाटावर मांडलं होतं. मॉनिटरला झेंडूचा हार होता. कीबोर्डवर हळदीकुंकू होतं. आणि फ्लॉपी तांदळाच्या राशीवर बसली होती.

"अप्पा, ती फ्लॉपी मला पायजे."

"आज कुठल्या हत्याराला हात लावायचा न्हाई. तराजू झोपलाय, आकडा झोपलाय. तुजंच यंत्र कावून जागं ठिवायचं?"

"जर्मनीला पाठवायचंय. ठिगळ हाय एक."

"ठिगळ?" रुद्रप्पांनी बायकोकडं बघितलं. "ऐकलं का, शांतादेवी? आपल्या घरात कुणी ठिगळाचं नेसलं न्हाई, अन् ह्यो परदेशी धाडाय निघालाय. त्ये बी फुकट!"

"आई, तू तरी सांग की."

शांतादेवींना पोराची दया आली. "घिऊन जा बाबा. पर जपून. भस्म लावलंय त्येला."

"बाहेरून ना?"

"बाहेरून लावून कुठं पोचतंय? तेवढा पत्रा सरकिवला अन् आतल्या तबकडीला तीन बोटं वढली."

संगमेश्वरनं फ्लॉपी हलवून बघितली. आतून थोडं भस्म गळलं. रुद्रप्पांनी ते कपाळाला लावलं.

सुग्रीव कॅफेच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. डोक्यावर आंब्याचं तोरण, आत सगळे कॉम्प्युटर हारात.

"बंद हाय बे, संग्या."

"एसटी कशी चालू हाय मग? तिला बी हार घातलाय."

"एसटी सरकारी हाय. सरकारला कुठं देव?"

"सुग्रीव, लई गरज हाय रे. बोर्डावर नाव लागलंय."

सुग्रीवनं बराच विचार केला. "हे बघ. माझं हत्यार मी आज चालवायचं न्हाई. तुजं हत्यार तू चालवायचं न्हाई. पर माझं हत्यार तू चालवलंस, अन् मी तिकडं बघितलंच न्हाई, तर ह्येच्यात कुणाचा नेम मोडला?" एवढं बोलून त्यानं खुर्ची रस्त्याकडं फिरवली.

फ्लॉपी आत जाताच जिरं भाजल्यासारखा आवाज आला, आणि त्यानंतर तिनं काहीही सांगायचं नाकारलं. संगमेश्वरनं आठवून तिन्ही ओळी टाइप केल्या. स्पेसच्या बटणावर नैवेद्याचा गूळ पाघळला होता, त्यामुळं शब्दांमध्ये हवं त्यापेक्षा जास्त अंतर पडलं. हे असं का, हे कळावं म्हणून त्यानं खाली खंडेनवमी, भस्म, गूळ आणि सुग्रीवचा निवाडा यांवर मोठं पत्र लिहिलं आणि संध्याकाळच्या आत पाठवून दिलं.

दसऱ्याला उत्तर आलं. कोऱ्या कागदाची दुरुस्ती ब्राझीलच्या एकानं आधीच पाठवली होती, तीही दोन ओळींत. संगमेश्वर मनात दुसरी कॉलेजं मोजू लागला. पण पुढं लिहिलं होतं की त्याचं पत्र सगळ्यांनी वाचलंय आणि नवी आवृत्ती लांबणीवर टाकलीय. आधी ठरू दे की माऊस हत्यार धरायचा की नाही. फिनलंडचा एक जण म्हणत होता, नाही; जपानचा म्हणत होता, आमच्याकडं तर सुईसुद्धा हत्यार धरून पुजतात.

महिनाभर जगभर हाणामारी झाली. शेवटी प्रोग्राममध्ये सोय करायची ठरलं: ज्याला हवी त्यानं ती चालू करावी, मग खंडेनवमीला प्रिंटर छापणार नाही. तिथी दरवर्षी हलते, म्हणून दरवर्षी तारीख कळवायचं काम केजला सोपवलं. यादीत नाव आलं, 'संगमेश्वर, केज: विश्रांती विभाग'. प्राचार्यांनी फलक बदलला नाही.

नवी आवृत्ती दुकानात चढली, सोय चालू केली आणि कोरे कागद थांबले. रुद्रप्पा पुड्यांसाठी रद्दी विकत आणू लागले आणि जर्मनीला नावं ठेवू लागले.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला जवळच्या युसूफ वडगावचे रामकिसन पाटील लग्नाच्या किराण्याची ऑर्डर घेऊन दारात उभे राहिले. मोठी ऑर्डर. रुद्रप्पांनी हारातल्या मॉनिटरकडं बघितलं, मग पाटलांकडं.

"बिल म्हंजी काय काम थोडंच हाय," ते म्हणाले आणि हळदीकुंकवातलं बटण दाबलं.

प्रिंटर गप्प. पडद्यावर एक ओळ आली.

"संग्या! काय म्हणतंय हे?"

"आज हत्यारं झोपलीत म्हणतंय, अप्पा."

"कुणी शिकिवलं त्येला?"

"मी."

 रुद्रप्पांनी यंत्राला हात जोडले आणि ते ताठ मानेनं पाटलांकडं वळले.

"उद्या या, पाटील. आज जर्मनीत बी बंद हाय."