बर्फातून आलेली रक्ताची नळी

मित्रांनो, मी एक जुना फ्लो सायटोमीटर आहे. नाव बोजड असलं तरी काम सोपं. रक्तातल्या पेशींना चमकणारा रंग लावून त्या माझ्याकडे देत. मी त्यांना पाण्याच्या बारीक धारेतून एकामागे एक सोडायचो आणि प्रत्येकीवर लेझरचा प्रकाश टाकायचो. कोणती पेशी केवढी, कोणत्या जातीची, ते पडद्यावर ठिपक्यांनी उमटायचं. मिनिटभरात हजारो पेशी तपासत असे. त्याचा मला तोराही होता.

१९८७ साली मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत होतो. पद्मजाताई मला सांभाळायच्या. माझ्या नळीत धुळीचा कणही राहू द्यायच्या नाहीत.

एके दिवशी वेसाव्याहून मासे विकणाऱ्या सरूबाई आल्या. त्यांच्या आठ वर्षांच्या मीराच्या मानेला गाठी आल्या होत्या. कॅन्सर की साधा संसर्ग, एवढंच डॉक्टरांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. पेशी एकाच जातीच्या निघाल्या तर काळजीचं, मिश्र निघाल्या तर दिलासा. डॉक्टरांनी काढलेलं रक्त सरूबाई स्वतः घेऊन आल्या होत्या.

ते माझ्यातून सोडलं, तर पडद्यावर अर्थहीन ठिपक्यांचा नुसता कचरा उमटला. मी आकडे छापून मोकळा होणार होतो, पण पद्मजाताईंनी मला थांबवलं.

“सरूबाई, नळी कशी आणलीत?”

“बरफान घालून. म्हावरा ठेवतो तशी. पोरीचा रगत नासाला नको ना.”

बर्फात पेशी फुटून गेल्या होत्या. पद्मजाताईंनी तसं सांगताच सरूबाई कळवळल्या.

“परत सुई टोचाची तिला? माज्याच हातानं वाट लागली.”

“तुम्ही जपायलाच गेलात,” पद्मजाताई म्हणाल्या. “आम्हीच आधी सांगायला हवं होतं. उद्या मीराला घेऊन या, मी रक्त काढते.”

दुसऱ्या दिवशी मीरा आली, थोडी रडली. या वेळी पडद्यावर ठिपक्यांचे वेगवेगळे घोळके उमटले. पेशी मिश्र होत्या. इतर तपासण्या पाहून डॉक्टरांनीही संसर्गच सांगितला.

सरूबाई माझ्यापाशी आल्या आणि माझ्या पत्र्यावरून हळूच हात फिरवला. मला फार बरं वाटलं आणि तेवढीच लाजही वाटली. तो मान पद्मजाताईंचा होता.

आता मी कोठीत धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, यंत्रं पुसून जपत जा. पण त्यांच्या आकड्यांवर सही करण्याआधी समोरच्या माणसाला एकदा विचारा. मला तर विचारता येत नव्हतं.