कुसाकाबे सरांचं चुंबक

शरणागतीनंतरच्या त्या हिवाळ्यात तोक्योत रताळ्यांशिवाय फारसं काही खायला मिळत नव्हतं. तरी नेमोतो रोज सकाळी प्रयोगशाळेत जायचा आणि यंत्र पुसून यायचा.

"वीज नाही, माणसं नाहीत," बायको फुमिए म्हणायची, "अन् तुम्ही लोखंडाला आंघोळ घालायला निघालात."

यंत्र नेमोतोच्या गुरूंचं, कुसाकाबे सरांचं होतं. अवाढव्य चुंबकाच्या दोन गोल तबकड्या, मधे फट. त्या फटीत चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा असला, तरच विद्युतभारित कण नीट गोल फिरत. तो सारखेपणा साधायला नेमोतोनं फटीत बसवायचे लोखंडी पत्रे घासता घासता तारुण्य घालवलं होतं. सर तेव्हा चिडवायचे, "चुंबक कणाचा वेग वाढवत नाही, नेमोतो, नुसती वाट वळवतं. लग्न कर, म्हणजे कळेल."

आता सर चेष्टा करत नसत. त्यांचा एकुलता मुलगा फिलिपिन्सच्या लढाईतून परतला नव्हता.

एके सकाळी अमेरिकन लष्कराचे ट्रक दारात उभे राहिले. तरुण अधिकाऱ्यानं दुभाष्याकरवी सांगितलं, "हे यंत्र तोडायचा हुकूम आहे."

"यातून बॉम्ब होत नाही," सर म्हणाले. "यात बनलेल्या किरणोत्सारी द्रव्याची खूण ठेवून रोप पाणी कसं पितं, ते शोधायला आम्ही हे वापरतो. कण गोल फिरतो, दर फेरीला धक्का मिळतो, वर्तुळ मोठं होत जातं. पण फेरीला वेळ तेवढाच लागतो."

अधिकाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मी हे कॉलेजात शिकलोय," तो खाली बघत म्हणाला. "पण हुकूम आहे."

सैनिक गॅसनं लोखंड कापू लागले. सर आणि नेमोतो भिंतीशी उभे राहिले. दुपारकडे नेमोतोच्या लक्षात आलं, की ज्या खांबावर वरचा सगळा भार होता, तोच ते कापताहेत. खाली दोन पोरसवदा सैनिक वाकून काम करत होते. तो पुढे धावला, हातवारे करून त्यांना मागे सारलं आणि आधी साखळ्या कुठे लावायच्या ते दाखवलं. मग त्याच्या सांगण्याप्रमाणेच त्याचं यंत्र सुटं झालं. पुढे सैनिकांनी तुकडे बोटीतून नेऊन खोल समुद्रात टाकले.

यंत्र कापलं त्या संध्याकाळी परतताना सर काठी टेकत नेमोतोच्या पुढे पुढे चालत होते.

"रागावलात, सर?"

"का सांगितलंस त्यांना?"

"खाली माणसं होती."

सर थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मलाही दिसत होतं, नेमोतो. तुझ्याआधी दिसलं. मी गप्प राहिलो."

 नेमोतोनं सरांचा हात धरला आणि त्यांना घरापर्यंत पोचवलं.

सर पुन्हा प्रयोगशाळेत आले नाहीत. हिवाळा सरायच्या आत न्यूमोनियानं गेले. अंत्यसंस्काराला जमलेले सहकारी हळहळत होते, "यंत्राच्या दुःखानं गेले बिचारे."

नेमोतोनं मान डोलावली आणि सगळ्यांना चहा दिला. त्या संध्याकाळचं सरांचं बोलणं त्यानं फुमिएलाही कधी सांगितलं नाही.