उताराचा पाय

पाय परत आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. बसच्या ड्रायव्हरने तो गोणपाटात गुंडाळून आमच्या कारखान्याच्या दारात ठेवला आणि डोंगरावरच्या आमच्या पेशंट आजीबाईंचा निरोप सांगितला: पाय चांगला आहे, पण त्याला उतरता येत नाही.

मी नकली पाय बनवते. हा गुडघ्याखालचा पाय माझ्याच हातचा होता. महिन्यापूर्वी आजी तो घालून आमच्या हॉलमध्ये अशा ऐटीत चालली होती की बाकावर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या. साहेब म्हणाले, बोलावून घ्या पुन्हा. मी विचारलं, पाय इथे पडलाय, मग बाई डोंगर कशी उतरणार, उडत? मी रजा टाकली, हत्यारांची पिशवी भरली, पाय काखोटीला मारला आणि निघाले.

बस संपते तिथे आजीचा मुलगा मला न्यायला आला होता. तो शहरात एका गोदामावर सुपरवायझर होता. चढताना धापा टाकत त्याने सगळं सांगून टाकलं. शहरातल्या घरात आईसाठी खोली तयार होती. ती इथे एकटी आहे या विचाराने त्याला झोप लागत नव्हती. भांडून भांडून शेवटी मायलेकांचं ठरलं होतं. आईने घरापासून झऱ्यापर्यंत एकटीने उतरायचं आणि भरलेली कळशी घेऊन एकटीने वर यायचं. जमलं तर ती इथे राहील. नाही जमलं तर उद्या त्याच्याबरोबर खाली, कायमची.

"मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेतलात," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण हे बोलणं मला झोंबलं.

गाव म्हणजे डोंगराला कसंबसं धरून बसलेली दगडी घरं. एकाचं अंगण म्हणजे दुसऱ्याचं छप्पर. खाट टाकावी एवढीही सपाट जागा कुठे दिसेना. आजी उंबऱ्यावर कुबड्या आडव्या टाकून बसली होती. तिने आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, आलीस? मला वाटलं दुसरा पाठवशील. चहा आला. कप ठेवला तर मेज हलेना, म्हणून वाकून पाहिलं. त्याच्या उताराकडच्या दोन्ही पायांखाली लाकडी पाचरी होत्या. पाळण्याच्या जुन्या घोडीखाली पाचर, पिंपाखाली पाचर, कपाटाखाली पाचर. या घरात वाकडं काहीच नव्हतं, फक्त जमीन वाकडी होती.

मी पाय चढवून दिला. आजी दारातल्या पायऱ्या वर चढून गेली, सहज. मग वळली आणि उतरायला लागली. नकली टाच टेकली मात्र, तिचा गुडघा फटकन पुढे गेला आणि ती दोन्ही हातांवर आपटली. मुलगा धावला. तिला उठवताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी चूक मला दिसली. टाच कडक होती. सपाट फरशीवर ते चालून जातं. उतारावर मात्र टाच आधी टेकते, दबत नाही, आणि सगळं वजन गुडघ्याला पुढे ढकलतं. आमच्या हॉलची फरशी आरशासारखी गुळगुळीत. तिथे कुठला डोंगर दिसणार? टाचेतून एक पाचर कापून तिथे मऊ रबर भरायला हवं होतं. सुरी होती, गोंद होता, मऊ रबर नव्हतं. साऱ्या गावात शोधलं. मिळाले ते टायरचे तुकडे, दगडाचे सख्खे भाऊ.

मुलगा म्हणाला, राहू द्या आता. शहरात न्यायला भरून ठेवलेल्या ट्रंकेकडे आजी बघत बसली होती. तिचा चेहरा इतका गप्प झाला होता की मला रडूच यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी पायातला बूट काढला. नवाकोरा, महागाचा, खास या चढणीसाठी घेतलेला. त्याची टाच सुरीने कापून काढली. दाबून पाहिली, कापली, पुन्हा दाबली, आणि आजीच्या पायात पाचर ठोकावी तशी बसवली. गोंद वाळेपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

दुपार कलताना आजी निघाली. कुबड्या घरात, कळशी कमरेवर. मागे मुलगा, त्याच्या मागे फाटक्या बुटात लंगडत मी. पहिल्याच पायरीवर टाच दबली, गुडघा जागच्या जागी राहिला. आजी थांबली, पुन्हा एकदा टाच टेकवून पाहिली, आणि मग आमच्याकडे ढुंकूनही न बघता थेट झऱ्यापर्यंत उतरली. कळशी भरली. वर निघाली.

अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर बसली.

मुलगा दोन ढांगांत तिच्याजवळ पोचला. "पुरे, आई," असं म्हणत त्याने कळशीला हात घातला.

"हात काढ," आजी म्हणाली. "मी बसलेय, पडलेली नाही. दोन पाय होते तेव्हाही इथेच बसायचे. तू पाठीवर असायचास तेव्हाही. या दगडावर टेकल्याशिवाय गावात कुणी पाणी वर नेलंय का? शहरात राहून विसरलास."

त्याने दगडाकडे पाहिलं. माणसं बसून बसून दगड मधोमध खोलगट झाला होता. त्याने हात काढला, पण जागचा हलेना.

"तू हो पुढे," ती हळू आवाजात म्हणाली. "तू असा मागे उभा राहिलास की मलाच वाटायला लागतं, मी पडणार."

मग तो वर निघाला. प्रत्येक वळणावर त्याची मान मागे वळू पाहायची आणि अर्ध्यात थांबायची. आईला मागे सोडून चढणं त्या माणसाला किती जड जात होतं, ते पाठीवरून दिसत होतं. तो दिसेनासा होईपर्यंत आजी बघत राहिली. डोळे पुसले आणि कळशी पुन्हा कमरेवर घेतली.

"आता तूही तोंड फिरव," ती मला म्हणाली.

मी फिरवलं. आजी माझ्या शेजारून वर गेली, तेव्हा मी तिच्या पायाकडेसुद्धा पाहिलं नाही.