बसायची मनाई असलेला पलंग

मी एक जुना पलंग आहे. चांगल्या लाकडाचा, रुंद, दोन माणसं ऐसपैस झोपतील असा. मित्रांनो, पलंगाची कहाणी म्हटली की तुम्हाला वाटेल, आता हा घोरणाऱ्या आजोबांचे किस्से सांगणार, नाहीतर गादीवर उड्या मारणाऱ्या पोरांची तक्रार करणार. माझ्याकडे यातलं काहीच नाही, कारण माझ्यावर आजवर कोणी झोपलेलंच नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणतात ना, तशातली माझी गत!

मला घडवणारा सुतार मोठा हौशी होता. शेवटचा पॉलिशचा हात मारून त्याने माझ्या उशाकडच्या फळीवर थाप दिली आणि म्हणाला, "जा राजा, दमल्याभागल्यांना चांगली झोप दे." ते मी मनावर घेतलं. एखाद्या मोठ्या हॉटेलात जाईन, प्रवासाने शिणलेली माणसं माझ्यावर अंग टाकतील आणि "हुश्श" म्हणतील, अशी स्वप्नं पाहत मी टेम्पोत चढलो.

टेम्पो थांबला तो एका शिक्षणसंस्थेच्या दारात. पदवी घेतलेली मुलंमुली तिथे पुढचं शिकायला यायची. देशोदेशीच्या हॉटेलांचा कारभार कसा पाहायचा, शेकडो माणसांना हाताशी धरून त्यांचं नेतृत्व कसं करायचं, असा तो दोन वर्षांचा अभ्यास होता. त्यांच्या सरावासाठी एक खोली हुबेहूब हॉटेलातल्यासारखी सजवली होती. त्या खोलीत मला ठेवलं.

काय सांगू त्या खोलीची शान! मऊ गालिचा, वाकड्या मानेचा दिवा, गुबगुबीत खुर्ची. फक्त सगळं खोटं होतं. टेबलावरच्या फोनला तार नव्हती. न्हाणीघरातल्या नळाला पाणी नव्हतं. समोर जमिनीच्या वीतभर वरच संपणारा उंची पडदा होता, तो सारला की मागे खिडकी नव्हे, भिंत! आणि माझ्या डोक्यावर पाटी होती, 'पलंगावर बसू नये'.

त्या खोलीवर राज्य होतं एका बाईंचं. त्या शिकवायच्या, परीक्षा घ्यायच्या आणि चादरीवरची केसाएवढी सुरकुतीही त्यांना दारातून दिसायची. म्हणून मुलं त्यांना पाठीमागे सुरकुतीबाई म्हणत. एखादा मुलगा कुरकुरला, "बाई, आम्ही मॅनेजर होणार, आम्हाला पलंग आवरायला कशाला लावता?" की त्या चष्म्यावरून पाहत. "ज्याला चादर ताणता येत नाही, त्याने चादर ताणणाऱ्यांवर हुकूम सोडू नये. काढ ती चादर, पुन्हा घाल." पोरगं मुकाट्याने पुन्हा घालायचं. मला मात्र हसूही यायचं आणि रडूही. रोज इतक्यांदा नटायचं आणि रोज उपाशी राहायचं, असं माझं आयुष्य चाललं होतं.

एका वर्षी एक मुलगी आली. तिच्या हातची चादर अशी बसायची की मुलांनी तिचं नाव ठेवलं इस्त्री. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. आईने लोकांचे कपडे शिवून तिला वाढवलं होतं. चादर घालताना ती मैत्रिणीला सांगायची, "आईचे पाय बघवत नाहीत गं. मशीन चालवून चालवून सुजलेत. मला एकदा परदेशात नोकरी लागू दे, तिला पाय वर करून बसवते की नाही बघ." मला ती पोर आवडायची. माझी उशी ती नुसती ठेवायची नाही, थोपटून ठेवायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परदेशातल्या एका नावाजलेल्या हॉटेलचे मोठे साहेब परीक्षेला येणार होते. या खोलीत प्रत्येकाची परीक्षा घेऊन ते एकालाच निवडणार होते. नियम कडक होता. परीक्षेच्या वेळी बाहेरचं माणूस खोलीत सापडलं की तो विद्यार्थी बाद.

बाकी सगळ्यांची परीक्षा आदल्या दिवशीच झाली होती, शेवटची पाळी इस्त्रीची. त्या सकाळी तिने मला असं सजवलं की मीच स्वतःवर खूश झालो. तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत डोकावल्या. हातात कापडी पिशवी, डोळ्यांत जागरण. तिची आई होती ती.

"आई! तू? आणि आज?"

"तुझी मोठी परीक्षा ना आज. म्हटलं, लांबूनच बघावं. गाडीत जागाच मिळाली नाही गं, रात्रभर उभी होते." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "अगं बाई, केवढा हा पलंग! यावर झोपतं कोण?"

"कोणीच नाही. सरावासाठी आहे तो."

आई हसल्या. "कमाल आहे तुमची! आम्हाला झोप होती तर पलंग नव्हता. इथे पलंग आहे तर झोपणारं कोणी नाही." आणि हसता हसता त्या टेकायला माझ्याजवळ आल्या. मित्रांनो, माझ्या फळ्याफळ्यांतून आनंद धावला. सुताराचा आशीर्वाद आज फळणार, असं वाटलं मला.

"आई, नको! हात लावू नकोस!" इस्त्री ओरडली. "सुरकुती पडेल. खुर्चीवरही नको, खळगा पडतो."

आईंनी हात असा मागे घेतला, जणू तव्यावर पडला होता. "बरं बरं, नाही लावत. मी आपली बाहेर थांबते."

पण बाहेर बुटांचा आवाज आला. साहेब ठरल्या वेळेआधीच आले होते. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आईला दंडाला धरलं, पडद्यामागे उभं केलं आणि कुजबुजली, "हलू नकोस. आवाज करू नकोस." पडदा तिने सारखा केला. तेवढ्यात दोन साहेब आणि त्यांच्यामागून सुरकुतीबाई आत आल्या.

साहेबांची तपासणी संपता संपेना. त्यांनी दिव्यावरून बोट फिरवलं, उशा उचलून पाहिल्या, माझी चादर एका कोपऱ्यात ओढून पाहिली. मग हॉटेलच्या कारभाराचे प्रश्न सुरू झाले. साहेब माझ्या पलीकडे उभे होते, त्यांना दिसत नव्हते, पण पडद्याखालून मला दोन पाय दिसत होते. घोट्यापाशी टम्म सुजलेले, चपलेचा पट्टा मांसात रुतलेला. आधी एक पाय जरा उचलला जायचा, मग दुसरा. मला वाटायचं, उठावं आणि जाऊन त्या पायांखाली उभं राहावं. पण पलंगाला चार पाय असून काय उपयोग?

सुरकुतीबाई सवयीप्रमाणे माझ्याखालची धूळ बघायला वाकल्या. त्या दिवशी जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "खाली स्वच्छ आहे."

शेवटी थोरल्या साहेबांनी विचारलं, "चांगला यजमान कोणाला म्हणशील?"

इस्त्रीने ताठ मानेने उत्तर दिलं, "पाहुण्याला काय हवंय ते त्याने मागायच्या आधी ज्याला कळतं, त्याला."

"शाबास!" साहेब म्हणाले. "आम्हाला हवं असलेलं माणूस सापडलं." दाराबाहेरच्या मुलांनी एकच गलका केला आणि तिला ओढतच घेऊन गेली. तिने एकदा पडद्याकडे वळून पाहिलं, पण गर्दीपुढे तिचं काही चालेना. खोली रिकामी झाली.

खूप वेळाने पडदा हलला. आई भिंतीला धरून बाहेर आल्या. आता परीक्षा संपली होती, बसायला कोणाची हरकत नव्हती. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बसा हो आई, बसा! त्यांनी हात पुढे केला, साहेबांनी ओढलेला तो कोपरा हळूच सारखा केला आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात पोरगी धापा टाकत परत आली. "आई, माझी निवड झाली!"

"ऐकलं की गं सगळं पडद्यामागून. काय सुंदर बोललीस! न मागता कळलं पाहिजे. अगदी खरं." त्या मनापासून म्हणाल्या, टोमणा नव्हता तो. मग लेकीचा हात धरून, लंगडत लंगडत निघून गेल्या. त्या दिवशी मी जितका रडलो, तितका लाकूड कापलं जातानाही रडलो नव्हतो.

पुढे वर्षं गेली. माझं पॉलिश उडालं, एक पाय डुगडुगायला लागला. संस्थेने नवी सराव-खोली बांधली आणि ही मोडायची ठरली. हमाल मला न्यायला आले, तेव्हा एका बाईने त्यांना दारातच थांबवलं. केसांत थोडी चांदी, अंगावर उंची कोट. उशीवर तिचा हात पडला आणि मी ओळखलं. आमची इस्त्री! आता ती एका मोठ्या हॉटेलची सर्वेसर्वा होती आणि मुलांपुढे नेतृत्वावर बोलायला आली होती. तिच्याबरोबर सुरकुतीबाई होत्या, काठी टेकत आलेल्या.

"आई कशी आहे गं तुझी?" बाईंनी विचारलं.

"गेली, बाई. मागच्या वर्षी." ती माझी उशी थोपटत राहिली. "समुद्राकडची एक खोली तिच्यासाठी राखून ठेवली होती मी. म्हटलं, आई, ये, इथे पडदा उघडला की खरंच समुद्र दिसतो. ती म्हणायची, पाय जरा बरे होऊ देत, येते. आणि पाय काही बरे झाले नाहीत." तिने पडद्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला ठाऊक नाही, परीक्षेच्या दिवशी मी तिला…"

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "धूळ बघायला वाकले, तेव्हा पाय दिसले होते मला पडद्याखाली."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू बाद झाली असतीस. वाटलं, पोरीचं भलं होतंय, गप्प बसावं. पण साहेब गेल्यावर तरी मागे फिरून 'बसा हो' म्हणायचं होतं. तेही सुचलं नाही गं. आयुष्यभर सुरकुत्या शोधल्या, आणि ते पाय बघून न बघितल्यासारखं केलं."

इस्त्रीचे डोळे वाहत होते. वाहता वाहता तिची नजर बाईंच्या काठीवर गेली, काठी घट्ट धरलेल्या हातावर गेली. ती एकदम पुढे झाली.

"बाई, तुम्ही कधीच्या उभ्या आहात. बसा ना."

"अगं, इथे? पाटी आहे ना ती."

"असू दे पाटी. बसा."

आणि मित्रांनो, सुरकुतीबाई माझ्यावर बसल्या. दोन्ही हात टेकून, सावकाश. बसल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, "हुश्श." हाच तो शब्द, ज्याची मी जन्मभर वाट पाहिली होती. इस्त्री खाली गालिच्यावर बसली आणि बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून "आई, आई" म्हणत रडली. चादर पार चुरगळली. कोणीही ती सारखी केली नाही.

आता मी अडगळीच्या खोलीत उभा आहे, अंगावर धूळ घेऊन. माझ्यावर कोणी झोपलं नाही, झोपणारही नाही. त्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख त्या दोन सुजलेल्या पायांचं आहे, कारण ते माझ्यापासून चार पावलांवर होते. म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या चादरी चुरगळल्या तर चुरगळू देत. दमून आलेलं आपलं माणूस दारात दिसलं, की बाकी सगळं राहू दे. आधी त्याला बसा म्हणा.